जुन्या चांदीच्या रुपयाची किंमत कशी काढायची

जुन्या चांदीच्या नाण्याला दोन किमती असतात. एक त्यातल्या चांदीची. ती घरी बसून, साध्या काट्यावर, रुपया-दोन रुपयांच्या फरकाने काढता येते. दुसरी संग्राहक देतो ती. ती चांदीच्या किमतीइतकीच असू शकते, किंवा तिच्या कित्येक पटही असू शकते. सराफ बाजारात नाणे नेले तर फक्त पहिली किंमत मिळते, तीही मोडीच्या भावाने, घट कापून. त्यामुळे दोन्ही आकडे हातात आल्याशिवाय नाणे कोणाच्या हाती देऊ नये.

त्याही आधी एक गोष्ट पक्की करायची: नाणे घासायचे नाही. लक्ष्मीपूजनाला चिंच, लिंबू, रांगोळी किंवा भांड्यांच्या पावडरीने चांदी उजळायची आपल्याकडे पद्धत आहे. पूजेच्या वाटीला ती चालते, पण दुर्मिळ रुपयाची तिने वाट लागते. घासल्यावर पृष्ठभागावर बारीक चरे पडतात, टांकसाळीतून निघतानाची मूळ झळाळी निघून जाते आणि भिंगाखाली ते लगेच कळते. गेलेली झळाळी परत येत नाही. काळी-निळसर पुटं धरलेला रुपया तसाच राहू द्या, संग्राहकाला तोच हवा असतो. हळद-कुंकू आणि तेलाचा थर इतका जाड असेल की सालही वाचता येत नाही, तर नाणे कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून रात्रभर भिजवावे, सकाळी डिस्टिल्ड पाण्यातून काढावे आणि मऊ सुती कापडावर टिपावे. कापड नाण्यावर फिरवायचे नाही. नळाचे पाणी शेवटी वापरू नये, त्यातल्या क्षारांचे डाग वाळल्यावर उरतात.

नाणे नेहमी काठावर धरावे. बोटाचा घाम चांदीवर बसला की काही आठवड्यांत त्याचा ठसा उमटतो.

कोणाचा रुपया आहे

घरोघरी सापडणारी बहुतेक नाणी कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेली ब्रिटिश काळातली असतात. राजाचा चेहरा आणि साल पाहिले की निम्मे काम झाले. १८३५ चा रुपया चौथ्या विल्यमचा, ईस्ट इंडिया कंपनीचा. त्याच्या मानेच्या कापलेल्या कडेवर बारीक अक्षरे असतात किंवा नसतात, त्यावरून प्रकार ठरतो. १८४० चा तरुण व्हिक्टोरियाचा. त्यात नाव डोक्यावरून सलग गेले आहे की दोन बाजूंना तुटले आहे, हे पाहायचे. हे दोन वेगळे प्रकार आहेत. १८६२ पासून कंपनीचे नाव गेले आणि मुकुटधारी राणी आली. मात्र १८६२ हे साल पुढची बरीच वर्षे तसेच छापले जात राहिले, आणि मुंबई टांकसाळीने खरे वर्ष कळावे म्हणून सालाच्या आसपास ठिपके टाकले. म्हणून १८६२ चा रुपया हाती आला की भिंग लावून ठिपके मोजावेत. तारखेखाली किती, वर किती, हे लिहून ठेवावे. दिसायला सारखी नाणी असतात, पण काही ठिपक्यांच्या नाण्यांना इतरांपेक्षा बराच जास्त भाव येतो. १८७७ पासून १९०१ पर्यंत ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ दिसते. १९०३ ते १९१० सातवा एडवर्ड, बिनमुकुटाचा. १९११ पासून पाचवा जॉर्ज.

१९११ चा रुपया वेगळा काढून ठेवा. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड त्यात इतकी आखूड झाली होती की तो डुकरासारखा दिसू लागला. लोक बिथरले, सरकारने नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. याउलट १९१८, १९१९, १९२० ची नाणी भरपूर. पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली तेव्हा अमेरिकेने कायदा करून आपली चांदी हिंदुस्थानासाठी विकली, तिचे रुपये पाडले गेले. हे रुपये आजही पोत्यांनी आहेत. झिजलेला १९१९ चा रुपया चांदीच्या भावाच्या फारसा वर जात नाही.

टांकसाळ खुणेवरून कळते. कलकत्त्याच्या रुपयावर सहसा खूण नसते. मुंबईच्या नाण्यावर काळानुसार बारीक ‘बी’ अक्षर किंवा फुगीर ठिपका असतो, पाचव्या जॉर्जच्या रुपयात तो तळाच्या कमळाजवळ शोधावा. १९४३ ते १९४५ च्या नाण्यांवर ‘एल’ दिसले तर ते लाहोरचे.

सर्वांत जास्त गैरसमज सहाव्या जॉर्जच्या नाण्यांबद्दल आहे. १९३९ पर्यंतच्या रुपयात हजारी ९१७ चांदी, म्हणजे बारा भागांत अकरा. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात फक्त निम्मी: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन तेच, चेहरा तोच. काठ पाहा. जुन्या रुपयाच्या काठावर सरळ उभ्या रेघा असतात, १९४० नंतरच्या काठाच्या मधोमध एक खोबण आणि तिच्यात नक्षी असते. झिजलेल्या निम्म्या चांदीच्या रुपयाला उंचवट्यावर पिवळट-तांबूस झाक येते. आणि १९४७ चा वाघाचा रुपया चांदीचा नाहीच, तो निव्वळ निकेलचा आहे. तो चुंबकाला चटकन चिकटतो. १९५० नंतरच्या चलनी रुपयांतही चांदी नाही. स्वातंत्र्यानंतर चांदी सापडते ती स्मारक नाण्यांत: १९६९ चे गांधीजींचे १० रुपयांचे नाणे १५ ग्रॅम, ८०० हजारी, १९७२ चे स्वातंत्र्याच्या पंचविशीचे १० रुपयांचे २२.५ ग्रॅम, ५०० हजारी. १९६४ चा नेहरूंचा रुपया निकेलचा.

हाली रुपया आणि हाताने पाडलेली नाणी

सोलापूरकरांनी हा भाग नीट वाचावा, कारण पुण्या-मुंबईकडच्या माहितीत तो बहुधा नसतो. नळदुर्ग, तुळजापूर ही गावे मोगलाईत, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होती, आणि इथल्या विणकर वस्त्यांतली कितीतरी पद्मशाली कुटुंबे तेलंगणातून आली. त्यामुळे निजामाचा चारमिनार छापाचा हाली रुपया इथल्या घरांत सहज निघतो. त्याचे वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी हजारी ८१८, म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. कलदार रुपयात ती १०.६९ ग्रॅम. जुन्या काळी सात हाली देऊन सहा कलदार मिळत, तो हिशेब बरोबर याच प्रमाणात बसतो. सराफाने हाली रुपयाला कलदाराचा टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा, लावला तर त्याचे नुकसान, आणि कलदाराला हालीचा लावला तर तुमचे.

चारमिनारच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर असते. ‘मीम’ असेल तर निजाम महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खान. साल हिजरी असते. उर्दू अंक ओळखायला फार त्रास नाही: एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे ठिपका, पाच म्हणजे गोल किंवा उलटे बदाम, सात इंग्रजी ‘व्ही’सारखा आणि आठ त्याच्या उलटा. हिजरी साल ०.९७ ने गुणून ६२१.५ मिळवले की इसवी सन निघतो. १३३० चे उत्तर १९११.६ येते, म्हणजे नाणे १९११-१२ चे. हिजरी १३६१ पासूनच्या हाली रुपयात चांदी निम्म्यावर आली, तिथे ८१८ चा हिशेब लावू नका.

वेड्यावाकड्या काठाचे, जाड, फारसी अक्षरांचे नाणे निघाले तर ते हाताने ठोकलेले आहे. ते मोगल, पेशवाई किंवा संस्थानी असू शकते. पेशवाईतले रुपयेही दिल्लीच्या बादशहाच्या नावानेच पाडले जात, म्हणून नाव वाचून फसू नका. अंकुशासारखी खूण शोधा, अंकुशी रुपया तिच्यावरूनच ओळखला जातो. औरंगजेबाच्या काळात खुद्द सोलापूरच्या टांकसाळीत रुपये पडत होते. १६९५ ते १६९९ त्याची छावणीच भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे आजच्या माचणूरजवळ होती. त्याचे सुरतेचे रुपये भरपूर मिळतात, सोलापूरचे त्या मानाने कमी. पण ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने टांकसाळीचे नाव बऱ्याचदा काठाबाहेर गेलेले असते, आणि नाव वाचता येत नसेल तर त्याचा जादा भाव मागता येत नाही. उर्दू वाचणारी माणसे सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. नाण्याचा दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो त्यांना दाखवा. फारसी मजकूर सहसा ओळखीच्या साच्यातला असतो, थोड्या प्रयत्नाने लागतो.

वजन

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा घ्या. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे उपयोगाचा नाही. ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅम, अधेली (अर्धा रुपया) ५.८३, पावली (चार आणे) २.९२, चवली (दोन आणे) १.४६. रुपयाचा व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर. चलनात फिरलेला रुपया ११.४ ते ११.६ भरणे सरळ आहे. खूप गुळगुळीत झालेला ११.२ पर्यंत उतरतो. अक्षरे अगदी ठसठशीत आहेत आणि वजन मात्र ११ ग्रॅमच्या खाली, असे असेल तर नाणे खोटे समजून पुढे चला. वजन जास्त आले तर कडी झाळल्याची खूण शोधा. लमाणी दागिन्यांत आणि रुपयांच्या माळेत वापरलेल्या नाण्यांवर झाळकाम उरलेले असते. कडी काढून टाकली असली तरी काठावर चपटा भाग किंवा राखाडी डाग दिसतो. अशा नाण्याला संग्राहकी भाव जवळपास राहत नाही.

बाजारात बोलताना एक घोळ होतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक रुपयाभार. आजचा तोळा १० ग्रॅमचा. ‘रुपया एक तोळ्याचा’ म्हणून १० ग्रॅमचे पैसे घेतले तर दीड ग्रॅमहून जास्त वजन फुकट जाते. बोलणे ग्रॅममध्येच ठेवा.

चांदी खरी आहे का

चुंबक फक्त लोखंड आणि निकेल पकडतो. तांबे, पितळ, जर्मन सिल्व्हर, शिसे यांना तो चिकटत नाही, म्हणून ‘चुंबक लागला नाही, चांदी खरी’ हा निष्कर्ष चूक आहे. खात्रीची घरगुती परीक्षा पाण्याची आहे, आणि तिने नाण्याला ओरखडाही येत नाही.

आधी नाण्याचे कोरडे वजन लिहा. मग काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून काटा शून्य करा. नाणे बारीक शिवणदोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे लोंबकळत धरा. ते पेल्याच्या तळाला किंवा कडेला लागता कामा नये. काट्यावर जो आकडा येतो, त्याने कोरड्या वजनाला भागा. ११.५५ ग्रॅमच्या रुपयाला पाण्यात १.१२ आला तर भागाकार १०.३ येतो. कलदार रुपयाचा अपेक्षित आकडा १०.३४ आहे, म्हणजे नाणे खरे. हाली रुपयाला १०.१७ च्या आसपास आला पाहिजे, १९४० नंतरच्या निम्म्या चांदीला ९.५. जर्मन सिल्व्हर आणि निकेल ९ च्या खाली राहतात. आकडा ११ कडे गेला तर आत शिसे आहे.

चुका तीन ठिकाणी होतात. नाणे तळाला टेकले की काटा सगळे वजन दाखवतो आणि भागाकार एकदम कोसळतो. अक्षरांच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकले तर उत्तर खरे असेल त्यापेक्षा कमी येते. म्हणून नाणे आधी पाण्यात हलवून घ्या, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. तिसरी अडचण लहान नाण्यांची. चवली फक्त ०.१४ ग्रॅम पाणी हलवते, तिथे काट्याची ०.०१ ची चूकही सात टक्क्यांची होते. एकाच सालच्या, एकाच प्रकारच्या दहा चवल्या एकत्र बांधून मोजल्या तर उत्तर विश्वासाचे येते. एकटी चवली अशी मोजू नये.

सराफाकडचे टंच मोजायचे एक्सआरएफ यंत्र पटकन उत्तर देते, पण ते वरचा थरच वाचते. चांदीचा मुलामा दिलेले नाणे त्याला फसवते, आणि खूप जुन्या नाण्याच्या पृष्ठभागातले तांबे झिजून गेलेले असल्याने टंच जरा वाढीव दाखवला जातो. यंत्राचा आकडा पाण्याच्या परीक्षेशी जुळला तर शंका राहत नाही. कसोटीच्या दगडावर घासणे किंवा काठाला कानसेने खाच पाडणे मात्र स्पष्टपणे नाकारा. ती खाच नाण्यावर कायमची राहते.

खोटी नाणी दोन जातींची. ओतीव नाण्याच्या काठावर जोडाची बारीक रेघ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि बोथट अक्षरे दिसतात. दुसरी जात खऱ्या नाण्यावर केलेल्या फेरफाराची. १९३९ चा रुपया अतिशय दुर्मिळ आहे, म्हणून १९३८ मधला आठ खोदून नऊ केला जातो. दहापट भिंगाखाली शेवटच्या अंकाची जाडी, उंची आणि आजूबाजूचा सपाट भाग आधीच्या तीन अंकांशी ताडून पाहा. कोरलेल्या अंकाभोवती खरवड दिसते. असा रुपया निघाला तर तज्ज्ञाच्या दाखल्याशिवाय ना विकावा, ना विकत घ्यावा.

राम दरबार, हनुमान, लक्ष्मी अशी चित्रे आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असा मजकूर असलेले तुकडे तीर्थक्षेत्रांच्या गावी खूप विकले जातात. कंपनीने असे चलन कधी पाडले नाही. ते श्रद्धेने ठेवायचे ठसे आहेत, चलनी नाणे म्हणून त्यांना किंमत नाही.

चांदीची किंमत

वर्तमानपत्रात चांदीचा भाव किलोचा असतो, त्याला हजाराने भागा. हिशेब सोपा व्हावा म्हणून ग्रॅमला १०० रुपये धरू. प्रत्यक्षात त्या दिवशीचा भाव घ्यायचा. ११.५५ ग्रॅमचा १९१९ चा रुपया: ११.५५ × ०.९१७ = १०.५९ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे १,०५९ रुपये. तेवढ्याच वजनाचा १९४३ चा रुपया: ५.७८ ग्रॅम, ५७८ रुपये. ११.०५ ग्रॅमचा हाली: ९.०४ ग्रॅम, ९०४ रुपये. वजन नेहमी आपल्या नाण्याचे घ्या, पुस्तकातले नाही. छापील भावात जीएसटी धरला आहे का ते विचारा. विकताना तो तुम्हाला मिळत नाही.

नाणे किती चांगले राहिले आहे

संग्राहकी भाव साल आणि टांकसाळीइतकाच नाण्याच्या स्थितीवर चालतो. खिडकीजवळ, एका बाजूने पडणाऱ्या उजेडात नाणे हळूहळू तिरके करा. व्हिक्टोरियाच्या रुपयात कानावरचे केस, मुकुटातले खडे आणि छातीवरचे भरतकाम आधी झिजते. एडवर्डच्या रुपयात कान आणि त्याच्या वरचे केस. पाचव्या जॉर्जच्या रुपयात मुकुटाची नक्षी आणि झग्यावरचा हत्ती. हत्तीचे पाय आणि सोंड वेगवेगळी दिसत असतील तर नाणे बरे आहे. सगळे तपशील शाबूत असून नाणे फिरवताना चाकाच्या आऱ्यांसारखी झळाळी फिरत असेल, तर ते बिनवापरी. त्याला आणि गुळगुळीत नाण्याला एकाच सालात अनेक पटींचा फरक पडतो.

बाजारातला भाव

आता हातात आहे: राज्यकर्ता, साल, टांकसाळ, प्रकार, वजन, स्थिती. एवढ्यावर न्युमिस्टा या इंटरनेटवरच्या मोफत सूचीत नाणे सापडते. तिथून प्रकाराची खात्री करा. भाव मात्र लिलावांत पाहा. मुंबई, बंगळुरू, अहमदाबाद इथली नाण्यांची लिलावगृहे आपल्या जुन्या लिलावांचे निकाल फोटोंसह खुले ठेवतात. विक्रीला लावलेल्या किमती पाहू नका. कोणीही कितीही लिहू शकतो, व्यवहार झाला तोच भाव खरा. तुमच्या नाण्यासारखीच झीज असलेले गेल्या दोन-तीन वर्षांतले पाच-सहा निकाल काढा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बाजूला टाका. उरलेल्यांचा मध्य हा बाजारभाव. त्यातून विकणाऱ्याचे कमिशन जाते. व्यापारी रोख घेतो तेव्हा त्याला पुढे विकायचे असते, म्हणून तो याहून कमी देणार. त्यात गैर काही नाही, पण तो आकडा चांदीच्या किमतीखाली जाता कामा नये.

सराफाकडे द्यायचेच ठरले तर नाणे समोर तोलून घ्या, टंच किती धरला आणि घट किती कापली हे दोन प्रश्न विचारा, पावती घ्या. किमान तीन दुकाने फिरा. सगळी नाणी एकदम पुढे ठेवू नका: आधी साधे १९१९ चे दाखवा आणि त्याला दिलेला भाव तुमच्या हिशेबाशी ताडून पाहा.

फोनवर ‘तुमच्या नाण्याला पाच लाख देतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असे कोणी म्हणाले की तो फसवणारा. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच जाहीर केले की जुनी नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीत ती कधीच नसते, आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशनही घेत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

शंभर वर्षांहून जुने नाणे कायद्याने पुरावस्तू ठरते, ते परदेशात पाठवता येत नाही. परदेशी खरेदीदार टपालाने मागवू लागला तर नकार द्यावा. आणि शेत नांगरताना किंवा जुन्या वाड्याचा पाया खणताना नाण्यांचे गाडगे निघाले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. अशी नाणी धुऊ नका, वेगळी करू नका, गाडग्यासकट जशी निघाली तशी ठेवा. कोणते नाणे कोणासोबत निघाले यावरूनच त्यांचा काळ ठरतो.